पहिल्या मोटेचा मान

चैत्र वद्य २, शके १८४४

बीडहून परतलो तो डोकं भणभणत. निम्मं उन्हानं, निम्मं अजीजनं.

अजीज वकील माझा शाळेपासूनचा दोस्त. एका चटईवर बसून दोघं उर्दू शिकलो, एकाच छडीचा मार खाल्ला. आता तो बीडच्या अदालतीत काळा कोट घालून उभा राहतो आणि मी आमच्या गावची पाटीलकी करतो. गेलो होतो वतनाच्या कागदासाठी. त्यानं जेवू घातलं आणि पान लावता लावता फ्रान्स देशावर घसरला.

म्हणे दीडशे-पावणेदोनशे वर्षांमागं तिकडं काही शहाणे होऊन गेले. त्यांची नावं अजीज घेतो तेव्हा दाढ दुखल्यासारखं तोंड करतो, म्हणून मी काही लक्षात ठेवली नाहीत. एक म्हणाला, राजाला राज्य देव देत नाही, लोक देतात. आपसात करार करून देतात. दुसरा म्हणाला, कायदा करणारा एक हवा, निवाडा देणारा वेगळा, आणि अंमल करणारा तिसरा. तिन्ही कामं एकाच्या हातात गेली की जुलूम ठरलेला. त्यांच्याही आधी कुणी एक इंग्रज लिहून गेला की स्वतःच्या भांडणात स्वतःच न्यायाधीश होऊन बसू नये.

अजीज इतका खुशीत का, तर हैदराबादेहून हुकूम निघालाय – महसुलाचं खातं वेगळं, न्यायाचं वेगळं. "तहसीलदारसाहेब वसूलबी करणार अन् फैसलाबी देणार, ते आता बंद. तिकडच्या शहाण्याची गोष्ट आपल्या मुलखात आली बघ." मग हळूच – "तुज्या चावडीवर काय चालतंय बे, भगवान?"

मी म्हणालो, माझी चावडी म्हणजे काय फ्रान्स आहे का. तो हसत बसला. मला त्याचं हसणं आवडलं नाही.

चैत्र वद्य ३

अजीजच्या डोक्यावर उन्हाचा परिणाम झालाय. अदालतीत पंखा ओढतात तरी.

चैत्र वद्य ७

आज चावडीवर बायनाबाई आली. नवरा धोंडीराम गेल्यापासून शेत एकटी बघते. मोट स्वतः हाकते. तोंडानं फटकळ, पण कामाला वाघ.

तिची तक्रार विहिरीची. विहीर दोन घरांची सामाईक – अर्धी आमची, अर्धी त्यांची. एक दिवस आमची पाळी, एक दिवस तिची. पण आमच्या घराला मान आहे: पाळी कुणाचीही असो, सकाळची पहिली मोट पाटलाची. आमचा सालगडी बंकट त्या मानासाठी तिच्या दिवशीही बैल घेऊन जातो. यंदा पाण्यानं तळ गाठलाय. रात्रभर झरून जेवढं साचतं तेवढंच. बाई म्हणते, बंकटची 'पहिली मोट' संपेस्तोवर खाली गाळ राहतो. तिचा कांदा वाळत चाललाय.

"पाटील, वरीसभराचं माजं जे काय हाय ते त्या कांद्यात हाय," एवढंच म्हणाली. रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी बैठकीवर. समोर गाव. तक्रार कुणावर? माझ्यावर. निवाडा कुणी द्यायचा? मी. निवाडा लागला तर अंमल कुणी करायचा? तोही मीच! तोंड उघडलं आणि तो मेलेला इंग्रज आडवा आला. शेवटी "बघतो" म्हणालो. पाटलानं "बघतो" म्हटलं की बघणार नाही हे गावाला ठाऊक असतं. बाई पदर खोचून निघून गेली.

जेवताना सत्यभामेला सांगितलं. ती म्हणाली, "तिनं आजून कुणाला इचारायचं? चोरबी तुमीच, सोडनारबी तुमीच." बायको अशी बोलायला लागली की भाकरी गोड लागत नाही. मी म्हणालो, हे तुझं काम नव्हे, वाढ. तिनं वाढलं.

चैत्र वद्य ८

सकाळी कुणाला न सांगता विहिरीवर गेलो. आज पाळी बाईची.

बंकट मोट हाकत होता, गाणं म्हणत. बायनाबाई आपले बैल धरून चिंचेखाली उभी. एक मोट झाली, दुसरी झाली. पाटातून पाणी माझ्या उसाकडं धावत होतं. मी मोजायचं सोडून दिलं. शेवटी मोट वर आली ती चिखल घेऊन. तेव्हा बंकटनं बैल सोडले आणि मला पाहून छाती फुगवली – "मालक, तुमच्या मानाला मी हाय तवर कुनी हात लावत न्हाई."

त्याला काय बोलणार? मान माझा, तो राखतोय.

बांधावरून तिचा कांदा पाहिला. पाती आडव्या पडल्यात.

वडिलांच्या वेळी पहिली मोट म्हणजे एकच मोट असे. ती काठावरच्या दगडी थारोळ्यात सोडायची, त्यातलं तांब्याभर विहिरीकाठच्या देवाला घालायचं, की झालं. पुढचं पाणी ज्याची पाळी त्याचं. एकाच्या दोन, दोनाच्या दहा कधी झाल्या? माझ्याच कारकिर्दीत झाल्या. बंकटला मी कधी विचारलं नाही, कारण ऊस हिरवा होता. हिरव्या उसाला कोण विचारतं, तुला पाणी कुठून आलं?

चैत्र अमावास्या

ठरवलं. निवाडा मी देणार नाही, गाव देईल. फ्रान्सच्या शहाण्यांनी म्हटलंय ना, अधिकार लोकांचा – मग घ्या म्हणावं.

युक्ती माझी स्वतःची. अजीजला त्यातलं काही श्रेय नाही. चावडीत मडकं ठेवायचं. घरटी एकानं यायचं, मुठीत एक दाणा आणायचा आणि कुणाला न दाखवता टाकायचा. ज्वारीचा दाणा म्हणजे चाललंय ते चालू द्या. तुरीचा दाणा म्हणजे पाटलाचा मान एका मोटेपुरता, बाकी पाणी बाईचं. कोणी काय टाकलं कळणार नाही. गरीब, श्रीमंत सगळ्यांचा दाणा सारखा.

मला फारच बरं वाटतंय. गावात असं कधी झालं नसेल. सत्यभामा म्हणाली, "मीबी येते बघाया." नाही म्हणालो. पाटलाच्या घरच्या बाईनं चावडी चढायची नाही, हा या घरचा नियम आहे.

वैशाख शुद्ध ३

अक्षय तृतीया. दिवस चांगला म्हणून आजच मडकं ठेवलं.

गाव झाडून आलं. मी नवा पटका बांधून मडक्याशेजारी बसलो – काही गडबड होऊ नये म्हणून. एकेक जण आला, मला राम राम केला, मूठ आत घातली, परत राम राम करून गेला. बायनाबाईही आपल्या घरची म्हणून आली. मूठ घातली, गेली.

मडकं सर्वांसमोर उपडं केलं.

नुसती ज्वारी. सगळी! तुरीचा एक दाणा नाही.

लिहायला लाज वाटते, पण इथं कोण वाचतंय – क्षणभर माझी छाती वीतभर फुगली. केवढा हा गावाचा जीव माझ्यावर! लोकांनी "पाटील की जय" केलं. बंकट नाचला. मग माझी नजर बायनाबाईवर गेली. सगळी ज्वारी म्हणजे तिचीसुद्धा ज्वारी. स्वतःचा कांदा वाळवायला तिनं स्वतःच्या हातानं दाणा टाकला.

जेवलो नाही.

वैशाख शुद्ध ४

बायनाबाईच्या दारात गेलो. आत नाही, दारातच उभा राहिलो. विचारलं, बाई, असं कावून केलं?

ती ओटा सारवत होती. हात थांबवला नाही. "मला गावातच ऱ्हायाचं हाय, पाटील."

"पण दाणा कुनाचा, ते कुनाला कळणार व्हतं?"

"तुमाला कळलं असतं. एकच तूर निगाली असती, तर ती कुनाची म्हनून अख्ख्या गावानं माज्याकडं बघितलं असतं."

तसाच वळलो.

वैशाख शुद्ध ५

ख्वाजा नालबंद आला होता बैलांना नाल मारायला. माणूस कमी बोलतो, बोलतो ते खिळा ठोकताना, त्यामुळे नीट ऐकावं लागतं. त्याला म्हटलं, खरं सांग, लोकांनी असं का केलं.

"तुमी मडक्यापाशी बसलाव कावून?"

"देखरेखीला."

"लोकांना वाटलं, पाटील इम्तिहान घ्यालेत. आपला कोन, परका कोन, बगालेत."

"अरे, पण दाणा लपवून टाकायचा व्हता."

"दाणा लपलाता, पाटील. तुमी कुटं लपलाव?" आणि खिळा ठोकला.

मी चिडलो. त्याच्यावर नाही, पण आत येऊन सत्यभामेवर चिडलो, आणि तांब्या आपटला. तिनं तांब्या उचलून जागेवर ठेवला.

लोक मला भितात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मला त्याचं कौतुक होतं. आमच्या वडिलांना भीत, मला भितात, म्हणजे घराण्याचा वचक आहे. आज पहिल्यांदा वाईट वाटलं. म्हणजे इतकी वर्षं चावडीवर जे "व्हय पाटील, व्हय पाटील" ऐकलं, त्यात "व्हय" किती होतं आणि भीती किती होती? आता वेगळं काढता येत नाही.

वैशाख शुद्ध ९

चौसाळ्याच्या बाजारात अजीज भेटला. आंबे घ्यायला आला होता. सगळं सांगितलं. वाटलं हसेल. हसला नाही.

म्हणाला, "भगवान, ज्यांनी ती किताबं लिहिली त्यांना लोकांनी वेड्यात काढलं. कुनाला कैद, कुनाला देशोधडी. तू निदान आपल्या घरात झोपतोस."

"पण माजं फसलं की."

"फसलं कुटं? तुला कळलं ना. न्हाई म्हनायची सोय हाय, तवाच व्हय म्हनायला अर्थ हाय. मडकं चांगलं व्हतं, तुजी जागा चुकली."

मग आंब्याचा भाव केला आणि माझ्या पिशवीत चार टाकले. मला एकाएकी फार बरं वाटलं. वाटेनं येताना हेच घोळत होतं – मी उठलो पाहिजे. नुसतं बैठकीवरून नाही, गावातूनच.

अजीजनं जाता जाता बजावलं, ह्या सगळ्याला चावडीवर 'फ्रान्स' म्हणू नको, कुणी वर कळवलं तर वतन जाईल. नाही म्हणणार. आपलं पंचायतीचं नाव आपल्याकडं आहेच.

वैशाख शुद्ध ११

चावडीवर जाहीर केलं. तीन पंच. एक बायनाबाईनं नेमायचा, एक मी, तिसरा दोघांना पटेल तो. पंच बसतील त्या दिवशी मी तेलगावला बहिणीकडं जाईन. पंच सांगतील ते मला बंधन.

कुजबुज झाली. बायनाबाईला विचारलं, तुझा पंच कोण? ती जमिनीकडं बघू लागली. मी मुद्दाम तोंड फिरवून बसलो. मग म्हणाली – "तुळजाबाई."

तुळजाबाई म्हणजे आमच्या गावची सुईण! हशा झाला. बाई पंच? कुणी तरी म्हणालं, पाटील, हे काय चाललंय. मलाही क्षणभर तेच वाटलं. पण मी काय म्हणालो होतो? 'एक बायनाबाईनं नेमायचा.' बाई नको असं काही म्हणालो नव्हतो. आणि अर्ध्या हसणाऱ्यांची नाळ तिनंच कापलेली आहे. मी म्हणालो, ठरलं, तुळजाबाई.

माझ्याकडून चुलतभाऊ मोहनराव. तिसरा ख्वाजा – त्याला दोघांनी एकदमच होकार दिला.

बंकटनं आज माझ्याशी बोलणं टाकलंय.

वैशाख पौर्णिमा

तेलगाव. बहिणीनं पुरणपोळी केली. दोनच गेल्या. ती म्हणते, दादा, तब्येत बरी नाही का? काय सांगू – माझा निवाडा चाललाय आणि मी तिथं नाही!

आजवर कितीजण माझ्या चावडीबाहेर असे बसले असतील. आत काय ठरतंय, पाटलाच्या मनात काय आहे, कुणाला भेटून काही होईल का. हे असं असतं होय. मला आज कळलं.

तरी एक सांगतो. भीती वाटते त्याहून थोडं जास्त कुतूहल वाटतंय. गाव काय बोलेल? मी नसताना गाव कसं बोलतं ते मी कधी ऐकलंच नाही.

वैशाख वद्य १

परतलो. वेशीत मोहनराव भेटला, तोंड पाडून. "दादा, मी लई भांडलो."

निवाडा असा: पहिली मोट एकच. ज्याची पाळी असेल त्यानंच ती काढायची आणि देवाला पाणी घालायचं. पाटलाचा मान विहिरीवर नाही. शिवाय बायनाबाईचं पाणी आजवर गेलं, म्हणून कांदा निघेपर्यंत माझ्या पाळीचीही सकाळ तिची.

माझ्या पाळीची सकाळ! ही शेवटची तुळजाबाईची टूम. मोहनराव म्हणाला, ख्वाजासुद्धा तिच्याच बाजूला गेला आणि मग गाव बोलायला लागलं ते थांबेना. गेल्या साली ह्याचं झालं, परवा त्याचं झालं. सगळं माझ्याविषयी.

संताप आला. तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या आजोबांनी खडक फोडलेली विहीर! त्यांच्याबरोबर धोंडीरामच्या आजोबांनीही फोडली, हे माझं मलाच आठवलं आणि त्यामुळं आणखी संताप आला. ऊस वाळणार. मनात आलं, नाही मानत जा. कोण काय करणार? कुणी काही करू शकत नव्हतं. अंमल करणारा गावात एकच आहे.

मग पटका काढून ठेवला. अंमल करणारा एकच आहे, म्हणजेच मी. निवाडा माझा नव्हे, तो झाला. माझ्या वाट्याला आता एवढंच काम उरलंय.

वैशाख वद्य २

आज पाळी माझी, सकाळ तिची. बंकट नेहमीप्रमाणे बैल घेऊन निघाला. निवाडा ऐकूनही! म्हणाला, "असले निवाडे लई बगितले, मालक. तुमी नुस्तं गप ऱ्हावा."

मी विहिरीवर गेलो आणि माझ्या हातानं माझे बैल सोडले. बंकट बघतच राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचाही मान त्यात होता, हे मला आधी सुचायला हवं होतं. त्याला म्हटलं, बस माझ्याजवळ. दोघं चिंचेखाली बसलो.

बायनाबाईनं मोट सोडली. पहिली वर आली ती तिनं थारोळ्यात सोडली, तांब्या भरून देवाला घातला. मग माझ्याकडं बघितलं, परवानगी मागितल्यासारखं. मी मान फिरवली. तिला कळलं. दुसरी मोट सोडली आणि पाट तिच्या कांद्याकडं फोडला.

किती दिवसांनी अशी सकाळ पाहिली. माझा ऊस जाणार आणि मी खूश! अजीजला सांगितलं तर म्हणेल, ऊन लागलं.

वैशाख वद्य ८

कांदा उभा राहिला. ऊस एका अंगानं पिवळा पडलाय. बघवत नाही, म्हणून त्या बांधानं जात नाही.

वैशाख वद्य १०

चावडीवर आज दोघा भावांचं बांधाचं भांडण. मी बोलणार तेवढ्यात धाकटा म्हणाला, "पाटील, ह्यात तुमी नगं. थोरल्याची सासुरवाडी तुमच्याच भावकीतली हाय. पंच नेमू."

तोंडावर म्हणाला! हेच पोर मागच्या महिन्यात माझ्यासमोर चप्पल हातात घेऊन चालत होतं. रागवायला गेलो आणि हसूच फुटलं. उठून ओसरीच्या कडेला जाऊन बसलो. तिथून चावडी वेगळीच दिसते. लोक एकमेकांकडं बघून बोलतात. मी बैठकीवर असलो की सगळे माझ्याकडं बघून बोलायचे.

घरी येऊन सत्यभामेला सगळं रंगवून सांगितलं. राजा, प्रजा, करार, तिघांत वाटलेला अधिकार, एका हातात तिन्ही कामं गेली की काय होतं. फार मन लावून ऐकलं तिनं. दोनदा परत सांगायला लावलं. मला वाटलं, चला, घरातही उजेड पडला.

वैशाख वद्य १२

आज सकाळी भर चावडीत सत्यभामा आली. डोक्यावर पदर, पाऊल ठाम. पायऱ्या चढून वर आली. मी खुणेनं सांगितलं, घरी जा. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही.

म्हणाली, "माजी तक्रार हाय. ह्यांच्यावर. घरात कायदा हेच करत्यात, मोडला का न्हाई हेच ठरवत्यात, अन् शिक्षाबी हेच देत्यात. मला पंच पायजेत. माज्याकडून बायनाबाई."

बायनाबाई उठून तिच्या शेजारी जाऊन बसली. मी बैठकीवरून उठलो, खाली आलो. माझा पंच कोण, असं लोकांनी विचारलं. मी एकेकाकडं बघितलं. मोहनराव पटक्याचं टोक चाचपत होता, ख्वाजानं हत्यारांची पिशवी उचलली.

माझ्या बाजूनं बसायला अजून कुणी तयार झालेलं नाही.